दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर तिची जागा राखायची का?

आभा_मुलुंड | १६ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

मुलगा साडेसहा वर्षांचा, नुकताच पहिलीत गेलाय. खालच्या जबड्यातली डावीकडची सगळ्यात मागची दुधाची दाढ आतपर्यंत किडली होती. मे महिन्यात गालावर सूज आली, हिरडीवर पुळी येऊन पू यायला लागला. एक्स-रेमध्ये मुळांच्या मधलं हाड खाल्लेलं दिसलं. ही आता वाचणार नाही असं सांगून डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात ती काढली. इथवर ठीक. पण काढल्यावर म्हणाले, आठवड्याभराने या, इथे स्पेस मेंटेनर, म्हणजे दाताची जागा राखणारी पट्टी, बसवायचाय, आणि तो चार-पाच वर्षं ठेवावा लागेल.

घरात यावरून दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, दुधाचाच दात तो, आज ना उद्या पडणारच होता, त्यासाठी पोराच्या तोंडात तार कशाला? नवरा म्हणतो, डॉक्टर सांगताहेत तर करून टाकू. मला मात्र आधी नीट समजून घ्यायचंय. पडणारा दात जरा आधी गेला तर नेमकं बिघडतं काय? पट्टी बसवल्यावर जेवण, ब्रश, खेळ कसं जमतं? खासगीत साडेचार हजार सांगितलेत, मुंबईत कमी खर्चात पण चांगलं काम कुठे होतं?

ज्यांच्या मुलांचे दात असे लवकर गेले किंवा आलेच नाहीत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मराठीत पालकांना यावर वाचायला फार थोडं मिळतं, म्हणून धागा सगळ्यांसाठी खुला ठेवलाय.

दातांची_डॉक्टर_परळ | १६ जून, रात्री ११:३५

आभाताई, मी बालदंतवैद्य आहे. मूल न बघता ठाम बोलू नये, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो.

दुधाचे दात वीस, पण सगळे एका वयात पडत नाहीत. पुढचे पटाशीचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात. तुमच्या मुलाची गेली ती दुधाची दुसरी दाढ, आणि तिची पडायची वेळ दहा ते बारा वर्षं. म्हणजे ती जागा पुढची चार-पाच वर्षं रिकामी राहणार.

नेमक्या याच वयात तिच्या मागे कायमची पहिली दाढ येते. कुठलाही दुधाचा दात न पडता ती मागच्या मोकळ्या हिरडीतून येते, त्यामुळे बरेच पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी सोडून देतात. या दाढेची ओढ पुढे सरकण्याकडे असते. समोर दुधाची दाढ असली की तिला टेकून ही सरळ उभी राहते. समोर मोकळं असलं की खालच्या जबड्यातली पुढे झुकते, आणि वरच्या जबड्यातली तर स्वतःभोवती वळत पुढे येते, तीही अधिक वेगाने. सगळ्यात जास्त जागा पहिल्या सहा महिन्यांत जाते. ‘बघू दिवाळीच्या सुट्टीत’ म्हणून थांबलेल्या मुलांचं नोव्हेंबरमध्ये माप घेतलं की फरक दिसतो.

मग दहाव्या-अकराव्या वर्षी त्या दुधाच्या दाढेच्या जागी येणारा कायमचा दात, म्हणजे उपदाढ, खालून वर यायला लागते आणि तिला जागाच उरलेली नसते. ती जिभेच्या बाजूने आतून तरी निघते, नाहीतर हाडात अडकून बसते. तिथून पुढे ब्रेसेस, कधी दाढ मागे ढकलण्याचं उपकरण, कधी चांगला कायमचा दात काढणं. हे टाळायला आत्ता एक छोटी पट्टी.

तिला बँड अँड लूप म्हणतात. मागच्या दाढेभोवती स्टीलचं कडं, त्याला जोडलेला तारेचा फास, आणि त्या फासाचं टोक पुढच्या दाताच्या पाठीला टेकलेलं. फासाच्या मधली जागा मोकळी असते, नवा दात तिथूनच वर येतो. मात्र एक विचारून घ्या, कायमची पहिली दाढ हिरडीबाहेर आलीय का? आली नसेल तर वेगळी पट्टी लागते, तिचं एक पातं हिरडीच्या आत जातं. ते काम जास्त जपून करावं लागतं, आणि हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना तशी पट्टी बसवत नाहीत.

आभा_मुलुंड | १७ जून, सकाळी ७:१५

खूप आभार डॉक्टर! टॉर्च लावून बघितलं, मागची दाढ आलीय, फक्त पाठीमागच्या कोपऱ्यावर अजून हिरडीची झालर आहे. ती कायमची आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

सासूबाईंना सकाळी सांगितलं, आई, गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच आहे हे. त्या म्हणाल्या, मग उशीर कशाला करताय!

भांडुपचा_बाबा | १७ जून, सकाळी ९:०५

माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. सातव्या वर्षी तिची वरची हीच दाढ काढली. जिथे काढली त्या दवाखान्यात जागेबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. औषधं लिहून दिली आणि ‘झालं, घेऊन जा’.

गेल्या वर्षी शाळेच्या तपासणीत त्या बाजूची उपदाढ आलीच नसल्याचं कळलं. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला, तर ती टाळूच्या बाजूला आडवी अडकलेली. मागची दाढ एवढी पुढे आलीय की जेमतेम अर्ध्या दाताची फट उरलीय. आता ब्रेसेस लावून आधी दाढ मागे सरकवायची, जागा झाली की उपदाढ बाहेर ओढायची. दोन वर्षं तरी जातील असं सांगितलंय, आणि खर्च पट्टीच्या कितीतरी पट.

मुलगी शहाणी आहे, निमूट सगळं सहन करते. पण दाढ काढताना एक वाक्य सांगितलं असतं तर तिच्यावर ही वेळ आली नसती, याचा मला फार राग येतो. म्हणून कामाला जाता जाता ट्रेनमध्ये हे टाइप करतोय. लहान मुलाचा दात काढायला नेलं की खुर्चीवरून उठायच्या आधी विचारा, ‘याची जागा राखायची आहे का?’

कौमुदी_गिरगाव | १७ जून, दुपारी १:२०

खर्चाबद्दल लिहिते. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आणि ब्रेसेसचा वेगळा विभाग आहे. नवी मुंबईत खासगी दंत महाविद्यालयं बरीच आहेत, हार्बर लाइनवाल्यांना ती सोयीची.

पद्धत अशी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आधी तपासणी विभाग, मग एक्स-रे, मग लहान मुलांच्या विभागात पाठवतात. काम एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणारे विद्यार्थी करतात आणि प्रत्येक टप्प्यावर वरचे डॉक्टर येऊन तपासतात. वेळ जातो, फेऱ्या होतात, पण खासगीच्या मानाने खर्च फारच कमी आणि काम काळजीपूर्वक. माझ्या भाच्याच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या होत्या, त्याला खालच्या पुढच्या दातांच्या आतून फिरणारी एकच तार बसवली. जी मुलगी त्याचं काम करत होती तिने त्याला आधी आरसा हातात दिला, प्रत्येक वस्तू दाखवली, आणि मगच तोंडात घातली. पोरगं रडलं नाही.

शाळा बुडणार, हे धरून चला. डबा, पाणी आणि एखादं गोष्टींचं पुस्तक सोबत ठेवा.

दातांची_डॉक्टर_परळ | १७ जून, रात्री १०:१०

कौमुदीताईंच्या प्रतिसादाला जोडून लिहिते. त्या एका तारेला लिंग्वल आर्च म्हणतात. खालचे पुढचे चार कायमचे दात आल्यावरच ती बसवतात, कारण कायमचे पटाशीचे दात दुधाच्या दातांच्या मागून येतात आणि तार आधीच असली तर त्यांच्या वाटेत येते. वरच्या जबड्यासाठी टाळूवरून जाणारी तार असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील तर दोन स्वतंत्र बँड अँड लूप बसवणं बरं.

भांडुपचे बाबा, तुमच्या मुलीचं वय अजून हातात आहे. बाराव्या वर्षी हाड चांगली साथ देतं.

निनाद_ठाणे | १८ जून, सकाळी ८:५०

माझं मत थोडं वेगळं आहे. हल्ली प्रत्येक दवाखान्यात पट्टी सुचवतात. आमच्या सोसायटीत तिघांच्या मुलांना सांगितलंय. आमच्या लहानपणी कुणाच्या तोंडात पट्टी नव्हती. प्रत्येक पडलेल्या दाताला याची गरज असते का? पालक घाबरतात आणि पैसे भरतात.

दातांची_डॉक्टर_परळ | १८ जून, रात्री ११:००

निनाद, प्रश्न अगदी रास्त आहे. प्रत्येक वेळी गरज नसते.

वरचे पुढचे दुधाचे दात पडून फुटले किंवा काढावे लागले तर जागा सहसा फारशी जात नाही. तिथे प्रश्न दिसण्याचा आणि काही अक्षरांच्या उच्चाराचा असतो. गेलेल्या दाताच्या खालचा कायमचा दात अगदी वर आलेला असेल, एक्स-रेत त्याचं मूळ दोन तृतीयांश तयार दिसत असेल आणि डोक्यावर हाड उरलं नसेल, तर काही महिन्यांत तो येईलच, पट्टी नको. वर हाड असेल तर ढोबळ हिशेब असा की एक मिलिमीटर हाड पार करायला उपदाढेला चार-पाच महिने लागतात. जागा आधीच गेलेली असेल तर नुसती राखून उपयोग नाही, ती परत मिळवावी लागते, आणि ते ऑर्थोडोंटिस्टने, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं. आणि खाली कायमचा दातच नसेल, तर जागा राखायची की मिटू द्यायची, इथून विचार सुरू होतो.

म्हणून एक्स-रे न काढता कुणी पट्टी बसवायला निघालं तर जरूर अडवा. फिल्म स्क्रीनवर लावून घ्या आणि विचारा, खालचा दात कुठे आहे, किती तयार झालाय, यायला किती काळ आहे. ज्याला हे दाखवून सांगता येतं, त्याचा सल्ला ऐकायला हरकत नाही.

तुमच्या-माझ्या लहानपणी पट्ट्या नव्हत्या हे खरं, पण दातावर दात चढलेली माणसंही आपल्या वर्गात होती. सगळ्यांचं कारण हेच असं म्हणत नाही, पण काहींचं हे होतं.

निनाद_ठाणे | १८ जून, रात्री ११:२५

समजलं. दाढ, वय आणि एक्स-रे या तिन्हीवर ठरतं. सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रतिसाद टाकतो, चालेल ना?

सई_डोंबिवली | २० जून, दुपारी ४:३०

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितेय. मुलगी साडेआठ वर्षांची. वरच्या मधल्या दोन पटाशींच्या बाजूचा उजवा दात येऊन आठ-नऊ महिने झाले, डावा आलाच नाही. आम्ही वाट बघत होतो. परवा ओपीजी काढला, तर डॉक्टर म्हणाले की तो दात हाडात नाहीच, जन्मतःच तयार झालेला नाही. आणि उजवा आलाय तोही बारीक, टोकदार, खुंटीसारखा.

घरी आल्यापासून लेक विचारतेय, माझाच दात का नाही? गरोदरपणात माझ्या खाण्यापिण्यात काही कमी पडलं का, असं सारखं मनात येतंय. पुढे काय करायचं? नातेवाईक सांगतात, इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम दात, करून टाक.

ऑर्थो_दादर | २० जून, रात्री ९:४५

सईताई, पहिली गोष्ट, तुमच्या खाण्यात काही कमी पडल्यामुळे हे झालेलं नाही. हे मनातून काढून टाका. दात जन्मतःच नसणं बहुतेक वेळा अनुवंशाने येतं. एमएसएक्स१, पॅक्स९, डब्ल्यूएनटी१०ए अशा काही जनुकांशी त्याचा संबंध सापडलाय. अक्कलदाढा सोडून एखाद-दुसरा कायमचा दात नसणं हे साधारण वीस माणसांत एखाद्याला असतं. सर्वांत जास्त वेळा नसतात त्या खालच्या दुसऱ्या उपदाढा आणि वरचे बाजूचे पटाशीचे दात. एका बाजूचा नाही आणि दुसऱ्या बाजूचा खुंटीसारखा, ही जोडी आम्ही नेहमी बघतो. तुम्हा दोघांचे, आजी-आजोबांचे दात आठवून बघा, घरात कुणाचा तरी असा बारीक दात निघतो. धाकटं भावंड असेल तर सात-आठ वर्षांच्या वयात त्याचाही ओपीजी काढा.

तुम्ही तपासलंत हे चांगलं केलंत. एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले आणि जोडीचा आला नाही, तर वाट न बघता फिल्म काढायची. कधी दात असतो, पण मधोमध एखादा जादा दात वाट अडवून बसलेला असतो. तो वेळेवर काढला तर अडलेला दात बरेचदा आपला आपण येतो.

आता इम्प्लांट. साडेआठ वर्षांना तर नाहीच, पंधराव्या वर्षीही नाही. इम्प्लांट हाडाला घट्ट चिकटतो आणि आहे तिथेच राहतो. शेजारचे दात मात्र वाढत्या जबड्याबरोबर खाली येत राहतात. काही वर्षांत तो एकटा दात वर राहिलेला, आखूड दिसतो, आणि तेव्हा तो दुरुस्त करणं फार अवघड असतं. मुलींमध्ये सतरा-अठरा आणि मुलांमध्ये वीस-एकवीसच्या आधी विचार करू नये, आणि तेव्हाही वाढ थांबलीय याची खात्री करूनच.

मधल्या काळात दोन वाटा असतात. एक, सुळा पुढे आणून त्या जागी बसवायचा, त्याचं टोक घासून आणि कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून त्याला पटाशीचं रूप द्यायचं. दुसरी, ब्रेसेसने जागा नीट उघडून ठेवायची आणि मोठी होईपर्यंत शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवलेला दात किंवा काढता-घालता येणारी पट्टी वापरायची. कुठली निवडायची हे दाढांची ठेवण, सुळ्याचा रंग-आकार, ओठ हसताना किती वर जातो आणि जबड्यात दाटी किती यावर ठरतं. हा निर्णय साधारण अकरा-बारा वर्षांच्या आसपास होतो, आज घाई नको.

आज करायचं काम वेगळं आहे. सुळा बाजूच्या पटाशीच्या मुळाला धरून खाली येतो. ते मूळच नसलं तर तो टाळूकडे भरकटण्याची शक्यता वाढते. म्हणून नऊ ते दहा वर्षांत डॉक्टरांकडून ओठाखाली, हिरडीच्या वर बोटाने चाचपून सुळ्याचा उंचवटा लागतो का ते बघून घ्या. लागला नाही तर पुढची फिल्म.

सई_डोंबिवली | २० जून, रात्री १०:२०

डोळ्यांत पाणी आलं वाचून. खूप खूप धन्यवाद. नवऱ्याच्या आत्याचा दात अगदी असाच खुंटीसारखा आहे, लग्नाच्या फोटोत दिसतो! लेकीला तो फोटो दाखवला, ती कितीतरी वेळ बघत बसली.

आजोबा_गोरेगाव | २१ जून, सकाळी ६:३०

नमस्कार. मी सत्तरीचा आहे. माझी खालची दुधाची एक दाढ पन्नाशीपर्यंत तोंडात होती. तिच्याखाली दुसरा दात नाही हे पंचेचाळिसाव्या वर्षी भरणा करायला गेलो तेव्हा कळलं. तिने भाकरी, ऊस, सगळं खाल्लं. मग अशा मुलांची दुधाची दाढ तशीच ठेवता येते का?

ऑर्थो_दादर | २१ जून, सकाळी ८:१०

काका, येते. खाली कायमची उपदाढ नसली आणि दुधाच्या दाढेची मुळं, हाड, भरणा सगळं ठीक असलं, तर ती तिशी-चाळिशीपर्यंतही टिकते. अट एकच, ती हाडाला चिकटून खाली बसत गेलेली नसावी. तशी झाली की शेजारचे दात तिच्यावर कलतात आणि मग काढावी लागते. जबड्यात दाटी असेल तर काही मुलांची ती मुद्दाम लवकर काढून मागची दाढ पुढे येऊ देतात, म्हणजे वर ज्याची भीती सांगितली तेच इथे उपयोगी पडतं. पण ते ऑर्थोडोंटिस्टने सगळं मोजूनच ठरवायचं.

मुक्ता_कांजूर | २२ जून, रात्री ९:००

माझ्या भावाचा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला जेमतेम पाच-सहा दात, तेही शंकूसारखे. केस विरळ, घाम जवळजवळ येतच नाही. आधी सगळे म्हणायचे, दात उशिरा येताहेत. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याला नेहमी ताप यायचा, पण दात आणि ताप यांचा संबंध कुणाच्या लक्षात आला नाही. मग एका बालदंतवैद्याने दोन्ही एकत्र बघितलं आणि निदान झालं, एक्टोडर्मल डिसप्लेसिया, म्हणजे दात, केस आणि घामाच्या ग्रंथी नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार.

आता त्याला छोटी कवळी बसवलीय. पहिल्या दिवशी त्याने डाळिंबाचे दाणे मागितले आणि एकेक करून चावून खाल्ले. वर्गात दोन पंखे आहेत, त्यातल्या एकाच्या खालची जागा बाईंनी त्याला कायमची दिलीय. अंगात ओला टी-शर्ट घालायला परवानगी आहे.

ज्यांच्या मुलांचे बरेच दात नाहीत त्यांनी नुसतं तोंड न बघता केस, नखं, घाम हेही डॉक्टरांना सांगावं, एवढ्यासाठी लिहिलं.

ऑर्थो_दादर | २२ जून, रात्री ९:५०

मुक्ताताई, महत्त्वाचं लिहिलंत. अक्कलदाढा सोडून सहा किंवा जास्त दात नसले की आम्ही हे सगळं विचारतोच. या आजाराचं आपल्या भागाशी जुनं नातं आहे. सिंध मुंबई इलाख्यात होता त्या काळात, १८७५ साली, डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केलीय. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस फार कमी आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्रास. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये तो उतरतो, हेही त्याने लिहिलंय. जनुक सापडायला १९९६ उजाडलं.

कवळी मात्र जबडा वाढेल तशी बदलावी लागते. सैल वाटली की लगेच दाखवा. आणि तिच्याखालचे जे शंकूसारखे दात आहेत ते जिवापाड जपा, कवळीचा आधार तेच.

शिक्षिका_गोवंडी | २३ जून, दुपारी ३:१५

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरीच्या वर्गात वाचन घेताना मुलांची तोंडं दिसतात, आणि किती जणांच्या दाढा काळ्या पडून नुसती मुळं उरलीत ते कळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात दातांच्या तक्रारीही येतात. तपासणीचं पथक येतं, चिठ्ठी देतं, पण चिठ्ठी घेऊन मुंबई सेंट्रलला जायचं तर आईची एक दिवसाची मजुरी बुडते. बऱ्याच चिठ्ठ्या दप्तरातच राहतात.

गेल्या वर्षी आम्ही दोघी शिक्षिकांनी ठरवून पालकसभेत फक्त एक गोष्ट दाखवली, कायमची पहिली दाढ कुठली. आयांना आपापल्या मुलाच्या तोंडात बोट घालून मोजायला लावलं. सहावीतल्या मुलीची दाढ किडलेली बघून एक आई म्हणाली, ही पडून नवी येईल ना? तिला ‘नाही’ सांगणं जड गेलं. इथे डॉक्टर आहेत म्हणून विचारते, दाढ मुळात जाऊच नये यासाठी वस्तीतल्या आईला परवडेल असं काय सांगू?

दातांची_डॉक्टर_परळ | २३ जून, रात्री १०:४०

बाई, तुम्ही करताय ते आम्ही दवाखान्यात बसून करतो त्यापेक्षा मोठं काम आहे.

वेळेवर पडणारी दुधाची दाढ हाच सगळ्यात चांगला स्पेस मेंटेनर. म्हणून पहिलं सांगा, रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही. बाटली तोंडात ठेवून झोपणारं बाळ असेल तर ती सवय वर्षाच्या आसपास मोडा. दुसरं, फ्लोराइडची पेस्ट वापरा, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि ब्रश आईने स्वतः करायचा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला मागच्या दाढा नीट घासता येत नाहीत. तिसरं, चहात बुडवलेलं बिस्कीट दिवसातून चार वेळा देण्यापेक्षा एकदाच द्या. दाताला त्रास प्रमाणापेक्षा वारंवारितेचा जास्त.

कीड लागलीच असेल तर दुखायची वाट बघू नका. लवकर आणलं तर भरणा होतो, थोडं उशिरा आणलं तर आतला भाग स्वच्छ करून स्टीलची कॅप बसवता येते आणि दाढ तिच्या वेळेपर्यंत टिकते. अगदी लहान किंवा घाबरणाऱ्या मुलांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावून कीड थांबवता येते. त्याने डाग काळा होतो हे आधी सांगावं लागतं. आणि नव्या कायमच्या दाढेच्या खाचा भरून घेणं, त्याला सीलंट म्हणतात, हे महापालिकेच्या दंत महाविद्यालयातही होतं.

भांडुपचा_बाबा | २४ जून, सकाळी ९:१०

अवांतर आहे, पण विचारतो. काल सोसायटीत क्रिकेट खेळताना नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. आईने तो साबणाने स्वच्छ धुऊन कागदात गुंडाळला आणि संध्याकाळी दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. काय करायला हवं होतं?

दातांची_डॉक्टर_परळ | २४ जून, सकाळी ९:४०

अवांतर मुळीच नाही, मुलांचे पुढचे कायमचे दात जाण्याचं हे मोठं कारण आहे.

कायमचा दात असेल तर पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर दुधात किंवा पाण्यात काही क्षण बुचकळा. मूल शांत असेल तर दात तिथेच परत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड दुधाची पिशवी घ्या, दात दुधात टाका आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात डॉक्टरकडे पोहोचा. कोरडा ठेवला की मुळावरच्या पेशी मरतात. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, हाडात तयार होत असलेल्या कायमच्या दाताच्या कळीला इजा होते.

आभा_मुलुंड | ११ जुलै, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय. पट्टी बसली! आधी दाढेच्या बाजूला एक छोटं रबर अडकवून फट करून घेतली. मग कडं मापून बघितलं, गुलाबी मिश्रणाने जबड्याचं माप घेतलं, आणि पुढच्या वेळी सिमेंटने पट्टी चिकटवली. इंजेक्शन नाही, दुखलं नाही. पहिले दोन दिवस जीभ सारखी तिथेच जायची. आता तो विसरलाय.

खाण्याचं म्हणाल तर पोळी, भाजी, भाकरी सगळं चालतं. चिक्की, च्युइंगम, जेली बंद. मेथी-पालकाची पानं फासात अडकतात, त्यासाठी एकाच गुच्छाचा बारीक ब्रश दिलाय. तो रात्री मी फिरवते, कड्याच्या कडेने आणि फासाच्या खालून.

आता एकच शंका. आज ब्रश करताना कडं किंचित हलल्यासारखं वाटलं. सोमवारपर्यंत थांबू की उद्याच जाऊ?

दातांची_डॉक्टर_परळ | ११ जुलै, रात्री १०:३०

उद्याच जा. सिमेंट सुटणं ही या पट्टीची नेहमीची तक्रार आहे, पुन्हा चिकटवता येतं, त्यात काळजीचं काही नाही. पण सैल कड्याखाली अन्न जाऊन कायमची दाढ किडते आणि ते दिसतही नाही. रात्रीत निघालीच तर डबीत ठेवून सोबत न्या, वाकवून परत बसवायचा प्रयत्न करू नका. आजची रात्र त्या बाजूने काही चावायला देऊ नका.

पुढे दर सहा महिन्यांनी दाखवा, आणि दहाव्या वर्षापासून फासाच्या मधली हिरडी बघत जा. उपदाढेचं टोक दिसलं की पट्टी काढायची. ती वेळेवर काढली नाही तर दाताला तीच आडवी येते.

आभा_मुलुंड | ११ जुलै, रात्री १०:४०

सकाळी साडेनऊची वेळ घेतलीय.